उबर ७० देशांत पोहोचली, पण शिरूर-दौंडचं गणित तिला का अवघड जातं?

पुण्यात स्वारगेटला किंवा विमाननगरला उभं राहून उबरचं ॲप उघडलं की नकाशावर छोट्या छोट्या गाड्या फिरताना दिसतात. गाडी तीन मिनिटांवर, रिक्षा दोन मिनिटांवर. तोच मोबाईल घेऊन दौंड जंक्शनच्या बाहेर किंवा शिरूरच्या एसटी स्टँडवर उभं राहिलं, तर ती गर्दी नकाशावर काही सापडत नाही. पुण्यातून शिरूर किंवा दौंडला जायला ॲपवर गाडी मिळते, पण तिकडून परत यायला तेवढ्याच सहज मिळेल याची खात्री नसते.

दोन्ही गावं पुण्यापासून साधारण ७० ते ८० किलोमीटरवर आहेत. दोन्हीकडे बाजारपेठ आहे, आजूबाजूला एमआयडीसी आहे, साखर कारखाने आहेत, आणि स्मार्टफोन तर घरोघरी आहे.

दुसरीकडे कंपनीचे आकडे बघा. उबर जवळपास ७० देशांत आहे. २०२४ या एका वर्षात तिच्या ॲपवरून ११०० कोटींहून जास्त फेऱ्या आणि ऑर्डर झाल्या. महसूल होता जवळपास ४,४०० कोटी डॉलर. म्हणजे पैसा आहे, तंत्रज्ञान आहे, नाव आहे.

मग जी कंपनी पॅरिस, लंडन, कैरो आणि साओ पाउलोत चालते, तिला शिरूर आणि दौंड का अवघड जातं? याचं उत्तर शोधायचं तर कंपनी वाढली कशी हे आधी समजून घ्यावं लागतं. आणि या गोष्टीत सगळ्यात जास्त पणाला काय लागलंय, तर हप्त्यावर गाडी घेऊन पुण्यात चालवायला येणाऱ्या पोरांचं घर.

उबरच्या आधीही ‘शेअर राईड’ होतीच की

शिरूर-दौंडच्या माणसाला गाडी वाटून घेणं नवीन नाही. वडाप, काळी-पिवळी जीप, सहा आसनी रिक्षा, सीटवर चालणारी रिक्षा हे सगळं ॲपच्या कितीतरी आधीपासून आहे. गाडी स्टँडवर लागते, चालक गावाचं नाव घेऊन ओरडतो, सीट भरल्या की गाडी हलते.

कायद्यानं यातली बरीचशी वाहतूक अडचणीची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार प्रवासी वाहतुकीचे दोन मुख्य प्रकार होतात. एसटीसारखी टप्प्याटप्प्यावर माणसं घेत-उतरवत जाणारी टप्पा वाहतूक, आणि टॅक्सीसारखी एका गिऱ्हाइकासाठी ठरवून घेतलेली कंत्राटी वाहतूक. वडापवाला बऱ्याचदा दुसऱ्याचा परवाना घेऊन पहिल्याचं काम करतो. म्हणून त्याला अधूनमधून आरटीओचा दणका बसतो.

पण धंदा म्हणून वडापचं गणित पक्कं आहे. गाडी भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळं रिकामी फेरी जवळपास होतच नाही. उबरनं हे गणित उलटं केलं. वडापमध्ये थांबायचं ते प्रवाशानं. ॲपमध्ये थांबायचं ते चालकानं. प्रवाशाला तीन मिनिटांत गाडी हवी असेल तर कुठंतरी जवळच एक चालक रिकामी गाडी घेऊन बसलेला असावा लागतो.

त्या चालकाच्या थांबण्याचे पैसे कोण देतं? उबरची पुढची सगळी कहाणी या प्रश्नाभोवती फिरते.

सुरुवात कुठून झाली?

उबरची जन्मकथा अशी सांगितली जाते. २००८ च्या हिवाळ्यात गॅरेट कॅम्प आणि ट्रॅव्हिस कॅलनिक एका तंत्रज्ञान परिषदेसाठी पॅरिसला गेले होते. रात्री टॅक्सी मिळेना. तेव्हा बटण दाबलं की गाडी यावी, ही कल्पना पुढं आली. २००९ मध्ये कंपनी सुरू झाली आणि २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सेवा सुरू झाली. नाव होतं ‘उबरकॅब’.

काही महिन्यांतच तिथल्या वाहतूक यंत्रणांनी नोटीस पाठवली. टॅक्सीचा परवाना नसताना टॅक्सीचा धंदा कसा करता, हा त्यांचा सवाल होता. कंपनीनं काय केलं? नावातला ‘कॅब’ शब्द काढून टाकला आणि काम चालू ठेवलं. आमची टॅक्सी कंपनी नाही, आम्ही फक्त चालक आणि प्रवासी यांची गाठ घालून देतो, हा युक्तिवाद तिनं पुढं जगभर केला. पुण्यातला परवान्याचा वादही याच मुद्द्यापाशी येऊन थांबतो.

डिसेंबर २०११ मध्ये कंपनी पॅरिसला गेली. अमेरिकेबाहेरचं तिचं हे पहिलं शहर. त्यानंतर २०१२ मध्ये लंडन आणि ऑगस्ट २०१३ मध्ये बंगळुरू. भारतातली सुरुवात इथून झाली.

स्वस्त भाड्याचे पैसे कुणी भरले?

ॲप-टॅक्सीचा धंदा एका चक्रावर चालतो. गाड्या जास्त असल्या की प्रवाशाला लवकर गाडी मिळते. लवकर मिळाली की तो पुन्हा बोलावतो. प्रवासी वाढले की चालकाला लगेच पुढची सवारी मिळते. त्याची कमाई वाढली की आणखी चालक येतात.

एकदा चक्र फिरायला लागलं की ते आपोआप फिरतं. पण सुरुवातीला गाड्या नाहीत म्हणून प्रवासी नाहीत, आणि प्रवासी नाहीत म्हणून गाड्या नाहीत, अशी कोंडी असते. ही कोंडी फोडायला उबरनं गुंतवणूकदारांचा पैसा ओतला. प्रवाशाला सवलतीचे कोड आणि चालकाला भरघोस इन्सेंटिव्ह. भारतात २०१४ ते २०१६ हा त्याचा ऐन भराचा काळ. ओलाही त्याच शर्यतीत होती. जुलै २०१५ मध्ये उबरनं भारतात १०० कोटी डॉलर गुंतवायची घोषणा केली होती.

याच काळात अनेकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. दिवसाला ठरावीक फेऱ्या पूर्ण केल्या की वरून बोनस मिळायचा. हप्ता जाऊन हातात चांगली रक्कम उरायची. गावाकडं बातमी पसरायला एवढं पुरेसं होतं.

मग २०१७ च्या सुमाराला इन्सेंटिव्ह आटायला लागले. दिल्ली आणि बंगळुरूत चालकांनी संप केले. २०१८ मध्ये मुंबईत मार्चमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये गाड्या थांबल्या. चालकांचं म्हणणं एकच होतं. गाडी तीच, हप्ता तोच, तास वाढले आणि कमाई घटली.

कंपनीच्या बाजूनंही चित्र फार गुलाबी नव्हतं. मे २०१९ मध्ये उबर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली. शेअरची किंमत ठरली होती ४५ डॉलर आणि पहिल्याच दिवशी तो त्याच्या खाली बंद झाला. त्या वर्षी तोटा होता साधारण ८५० कोटी डॉलर. पूर्ण वर्षाचा कामकाजातला नफा पहिल्यांदा दिसला तो २०२३ मध्ये. म्हणजे कंपनी सुरू झाल्यावर तब्बल १४ वर्षांनी.

नफा आला कसा? सवलती कमी झाल्या, भाडी वाढली, खाण्याच्या डिलिव्हरीचा आणि जाहिरातीचा धंदा वाढला, आणि जिथं जमत नव्हतं तिथून कंपनी बाहेर पडली.

जिथं हरली, तिथंही हिस्सा घेऊन निघाली

उबरच्या वाढीतला हा भाग कमी लोकांना माहीत असतो. चीनमध्ये दीदी या स्थानिक कंपनीशी लढताना उबर वर्षाला १०० कोटी डॉलरहून जास्त गमावत होती. ऑगस्ट २०१६ मध्ये तिनं चीनचा धंदा दीदीला दिला आणि बदल्यात दीदीचा जवळपास १८ टक्के हिस्सा घेतला.

२०१७ मध्ये रशियात यांडेक्ससोबत एकत्र कंपनी काढली. मार्च २०१८ मध्ये आग्नेय आशियातला धंदा ग्रॅबला दिला आणि २७.५ टक्के हिस्सा घेतला. जानेवारी २०२० मध्ये भारतातलं उबर ईट्स झोमॅटोला देऊन तिथं ९.९९ टक्के हिस्सा घेतला. त्याच महिन्यात मध्यपूर्वेतली करीम ही कंपनी ३१० कोटी डॉलरचा व्यवहार करून आपल्याकडं घेतली.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. ही कंपनी एखाद्या जागी भावनेपोटी टिकून राहत नाही. गर्दी जमली तर राहते, नाही जमली तर हिशोब करून निघते. तालुक्याच्या गावाकडं बघतानाही हिशोब हाच असणार.

भारतानं उबरला काय बदलायला लावलं?

भारतात आल्यावर कंपनीला बऱ्याच गोष्टी नव्यानं शिकाव्या लागल्या. अमेरिकेत प्रवासी गाडीतून उतरला की क्रेडिट कार्डातून पैसे आपोआप कापले जायचे. भारतात रिझर्व्ह बँकेचा कार्ड-व्यवहाराला दुहेरी पडताळणीचा नियम होता. २०१४ मध्ये बँकेनं तो ठामपणे लागू करायला लावल्यावर उबरला पेटीएमचं वॉलेट घ्यावं लागलं. मे २०१५ मध्ये हैदराबादमध्ये तिनं रोख पैसे घेण्याचा प्रयोग केला. रोकड हा उबरच्या मूळ कल्पनेत नसलेला प्रकार होता. पुढं तो जगातल्या इतर अनेक देशांतही गेला.

डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या चालकानं एका तरुणीवर बलात्कार केला. चालकाची पार्श्वभूमी नीट तपासली नव्हती हे समोर आलं आणि दिल्लीत सेवेवर बंदी आली. चालकाला पुढं जन्मठेप झाली. ॲपमधलं आपत्कालीन बटण त्यानंतर भारतात आलं. कंपनी फक्त ‘गाठ घालून देते’, हा युक्तिवाद किती लंगडा आहे, हे या प्रकरणात सगळ्यांना दिसलं.

तिसरा बदल म्हणजे रिक्षा. अमेरिकेतल्या काळ्या आलिशान गाड्यांपासून सुरू झालेल्या कंपनीनं जानेवारी २०१८ मध्ये पुणे आणि बंगळुरूत रिक्षा सेवा नव्यानं सुरू केली. भारतात मोठं व्हायचं तर तीन चाकांशिवाय पर्याय नाही, हे तोवर तिच्या लक्षात आलं होतं.

पुण्यात नेमका वाद काय?

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा कंपन्यांना ‘ॲग्रीगेटर’ म्हणून कायद्यात जागा मिळाली. म्हणजे त्यांना राज्याचा परवाना घेणं आलं. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रानं मार्गदर्शक सूचना काढल्या. महाराष्ट्राचे स्वतःचे नियम मात्र रखडले. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करायला सांगितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ‘जैसे थे’चा आदेश आला.

पुण्यात यानंतर तीन ठिणग्या पडल्या.

पहिली, बाईक टॅक्सी. नोव्हेंबर २०२२ मध्ये रिक्षाचालकांनी बाईक टॅक्सीविरोधात शहरात मोठं आंदोलन केलं. रॅपिडोला परवाना नाकारला गेला. २०२३ च्या सुरुवातीला उच्च न्यायालय आणि मग सर्वोच्च न्यायालय, दोन्हीकडं कंपनीला दिलासा मिळाला नाही.

दुसरी, कॅबचं भाडं. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणानं १ जानेवारी २०२४ पासून पुण्यात वातानुकूलित कॅबसाठी पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढं प्रत्येक किलोमीटरला २५ रुपये दर ठरवला. चालकांची तक्रार अशी की ॲपवर हा दर मिळतच नाही. त्यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये संप झाला. मार्च २०२४ मध्ये प्राधिकरणानं ओला आणि उबर या दोघींचे कॅबसाठीचे परवाना अर्ज फेटाळले. पण सेवा बंद पडली नाही. गाड्या धावत राहिल्या.

तिसरी, मीटर. २०२५ मध्ये पुण्यातल्या चालकांच्या संघटनेनं ‘ओन्लीमीटर’ नावाची वेबसाईट पुढं आणली. गाडी ॲपवरून बोलवा, पण भाडं सरकारी दरानं द्या, असा आग्रह सुरू झाला. ॲपवर एक आकडा आणि चालकाच्या मोबाईलवर दुसरा आकडा. प्रवाशांचा गोंधळ उडाला, वाद झाले. ज्या प्रवाशाला ‘आधीच कळलेलं भाडं’ ही ॲपची सगळ्यात मोठी सोय वाटायची, त्याच सोयीला धक्का बसला.

दोन्ही बाजूंनी बघितलं तर दोघांचंही म्हणणं समजतं. प्रवाशाला ठरलेला आकडा हवा. चालकाला किलोमीटरमागं परवडेल असा दर हवा. वर्षानुवर्षं या दोन्हीतला फरक गुंतवणूकदाराचा पैसा भरून काढत होता. तो बंद झाल्यावर प्रवासी आणि चालक समोरासमोर आले.

आता शिरूर-दौंडचा हिशोब मांडूया

समजा, पुण्यातून शिरूरला ७० किलोमीटरची सवारी मिळाली. समजण्यापुरता पुण्याचाच ठरलेला कॅबचा दर धरूया. पहिल्या दीड किलोमीटरचे ३७ रुपये आणि उरलेल्या साडेअडुसष्ट किलोमीटरचे २५ रुपयांनी, म्हणजे साधारण १,७५० रुपये झाले.

यातले ८० टक्के चालकाला मिळाले असं धरलं तर त्याच्या हातात आले १,४०० रुपये. गाडी सीएनजीवर किलोला २० किलोमीटर देते आणि गॅस ९० रुपये किलो आहे असं मानलं, तर किलोमीटरला साडेचार रुपये खर्च.

येताना सवारी मिळाली नाही, तर गाडी चालली १४० किलोमीटर. गॅसचा खर्च ६३० रुपये. उरले ७७०. महिन्याचा हप्ता १५ हजार असेल तर दिवसाचे ५०० त्यात गेले. राहिले २७०. टायर, सर्व्हिसिंग, विमा, जेवण सगळं त्यातच. आणि वाघोलीच्या ट्रॅफिकमधून जाऊन-येऊन निम्मा दिवस गेला तो वेगळाच.

येताना तेवढ्याच भाड्याची एक सवारी मिळाली तर? गॅसचा खर्च तोच आणि हातात आणखी १,४०० रुपये. २७० च्या जागी १,६७० उरतात.

म्हणजे सगळा खेळ परतीच्या एका सवारीचा आहे. शहरात ती सवारी पुढच्या चौकात मिळते. तालुक्याच्या गावात तिची वाट बघत बसावं लागतं. म्हणून बाहेरगावच्या फेरीला भाडं जास्त लागतं, किंवा चालक फेरी घेतल्यावर फोन करून ‘कुठं जायचंय?’ विचारतो आणि नाव ऐकलं की रद्द करतो. प्रवाशाला तो मुजोर वाटतो. त्याच्या डोक्यात मात्र रिकाम्या ७० किलोमीटरचा आकडा फिरत असतो.

गर्दी आहे, पण ती एकदम येते

शिरूर-दौंडला प्रवासी नाहीत असं मुळीच नाही. दौंड हे मोठं रेल्वे जंक्शन. गाडी आली की फलाटावरून लोंढा बाहेर पडतो आणि थोड्या वेळानं सगळं शांत. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळी सुटली की गर्दी, पण कामगारांना न्यायला बऱ्याचदा कंपनीच्या बस असतात. संकष्टीला रांजणगावच्या महागणपतीला रीघ लागते, दौंडजवळच्या सिद्धटेकलाही तेच. दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा.

ॲपला हवी असते ती दिवसभर थोडी थोडी येत राहणारी मागणी. अशी एकदम येणारी गर्दी पेलायला वडाप आणि सीटवरची रिक्षाच जास्त योग्य ठरते. एका फेरीत जास्त माणसं जातात आणि माणशी भाडं खिशाला परवडतं. एकट्यासाठी अख्खी गाडी करणं ही इथं रोजची नव्हे, अडीअडचणीची गरज आहे.

आणखी एक अडचण कागदावरची आहे. दोन्ही तालुके पुणे जिल्ह्यातच आहेत, पण शिरूरची गाडी एमएच-१२ आणि दौंडची एमएच-४२, कारण दौंड बारामती परिवहन कार्यालयाखाली येतं. रिक्षाचा परवाना ठरलेल्या क्षेत्रापुरता असतो. ॲपच्या नकाशावर हद्द दिसत नाही, पण रस्त्यावर ती असते.

त्यामुळं शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्यावर रात्री अकराला कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर आजही पहिला फोन ओळखीच्या गाडीवाल्यालाच जातो. त्याचा नंबर घरच्या भिंतीवर लिहिलेला असतो. तो येतो, कारण तो गावातलाच आहे. ही सेवा कुठल्याही ॲपनं अजून भरून काढलेली नाही.

कमिशन गेलं, रोजची फी आली

गेल्या काही वर्षांत या धंद्याची रीतच बदलतेय. बंगळुरूत नम्मा यात्रीनं चालकाकडून प्रत्येक फेरीमागं कमिशन घेण्याऐवजी ठरावीक फी घ्यायला सुरुवात केली. रॅपिडोनं तोच मार्ग धरला. फेब्रुवारी २०२५ मध्ये उबरनंही रिक्षासाठी कमिशन बंद करून रोजची फी सुरू केली. पैसे प्रवासी थेट चालकाला देतो, रोख किंवा यूपीआयनं. उबरचे प्रमुख दारा खोस्रोशाही यांनी २०२५ मध्ये भारतातला सगळ्यात मोठा स्पर्धक म्हणून ओलाचं नाही, तर रॅपिडोचं नाव घेतलं, ते उगाच नाही.

चालकाच्या दृष्टीनं यात फायदा आहे. जेवढं कमावलं तेवढं त्याचं. पण दिवसाला २० फेऱ्या मारणाऱ्याला ही फी हलकी वाटते आणि चार फेऱ्या मिळणाऱ्याला तीच जड जाते. छोट्या गावात हाच फरक मोठा ठरतो. शिवाय थेट पैसे घेणारा चालक आणि ‘आम्ही फक्त सॉफ्टवेअर देतो’ म्हणणारी कंपनी, यात भाड्यावरून वाद झाला तर प्रवाशानं जायचं कुणाकडं, हा प्रश्न उरतोच.

नवे नियम काय सांगतात?

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ॲप-कॅबसाठीचं धोरण आणलं. त्यातले मुद्दे थोडक्यात असे.

मागणी वाढली तरी भाडं मूळ दराच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही. मागणी कमी असताना सवलत द्यायची तर मूळ दरापेक्षा २५ टक्क्यांहून खाली जाता येणार नाही. भाड्यातला किमान ८० टक्के वाटा चालकाला. विनाकारण फेरी रद्द केली तर चालक असो की प्रवासी, दंड.

यातली सवलतीवरची मर्यादा बारकाईनं बघण्यासारखी आहे. २०१५ मध्ये जशी फुकटात गाडी फिरवून गर्दी जमवली, तसं आता करता येणार नाही. चालकाला हे संरक्षण आहे. पण नव्या गावात पहिली गर्दी जमवायचं कंपनीचं जुनं हत्यारही त्यामुळं बोथट होतं.

जुलै २०२५ मध्ये केंद्रानंही नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात वाढीव भाड्याची मर्यादा मूळ दराच्या दुपटीपर्यंत ठेवली आहे. त्याच महिन्यात महाराष्ट्रानं इलेक्ट्रिक बाईक टॅक्सीचे नियमही जाहीर केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम गिग कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची तरतूद आहे.

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उबरच्या चालकांना ‘कामगार’ मानलं आणि त्यांना किमान वेतन व भरपगारी सुट्टीचा हक्क मिळाला. भारतात चालक अजून कागदावर स्वतंत्र व्यावसायिकच आहे. गाडी त्याची, कर्ज त्याचं, अपघाताची जोखीमही बहुतेक त्याचीच.

पुढं काय?

अमेरिकेत उबरची पुढची उडी चालकाविना गाडीची आहे. स्वतःचा तसला विभाग तिनं डिसेंबर २०२० मध्ये अरोरा या कंपनीला देऊन टाकला. आता ऑस्टिन आणि अटलांटात वेमोच्या विनाचालक गाड्या उबरच्या ॲपवर मिळतात. पुण्याच्या रस्त्यावर हे लगेच येईल असं कुणी म्हणणार नाही. पण कंपनीला चालक हा खर्च वाटतो की भागीदार, हे यातून कळतं.

शिरूर-दौंडकडून पुण्यात गाडी चालवायला येऊ पाहणाऱ्यानं आज मिळणाऱ्या ऑफरकडं बघून कर्ज काढण्याआधी तीन आकडे कागदावर मांडायला हवेत. बोनस सोडून निव्वळ भाड्यावर किलोमीटरमागं किती पडतात? रिकामे किलोमीटर धरून किती पडतात? आणि पुढची पाच वर्षं हप्ता तेवढाच राहणार असताना भाडं ठरवायचं कुणाच्या हातात आहे? २०१५ मध्ये गाडी घेतलेल्या अनेकांनी तिसरा प्रश्न विचारला नव्हता.

गावासाठीचा प्रश्न वेगळा आहे. उबर तालुक्यात कधी येणार, यापेक्षा रात्री शेवटच्या रेल्वेनं उतरलेल्या माणसाला ठरल्या दरात, सुरक्षित घरी कोण सोडणार, हे महत्त्वाचं. ते काम स्टँडवरची शेअर रिक्षा करू शकते. तिला रीतसर परवाना, दराचा फलक आणि चालकाच्या नोंदीची जोड हवी. ते ठरवायचा अधिकार सॅन फ्रान्सिस्कोत नाही, पुणे आणि बारामतीच्या परिवहन कार्यालयात आहे.